हळदीला झोन आला नाही, म्हणजे हळद निकामी ठरली का?

तुम्ही लसणाचा रस, तुळशीचा आणि हळदीचा अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या प्लेटवर भोकं पाडून लावलात. लसणाला झोन (भोकाभोवतीचं जीवाणू न वाढलेलं वर्तुळ) २२ मिमी, तुळशीला ११ मिमी, हळदीला काहीच नाही. आता ‘लसूण तुळशीच्या दुप्पट प्रभावी, हळद निष्प्रभ’ असा निष्कर्ष लिहू का, असं विचारताय. कृपया लिहू नका.

प्लेटमधल्या जेलीत, म्हणजे आगरमध्ये, पाणीच जास्त असतं आणि हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तुमची प्लेट पुन्हा उजेडात धरून बघा: भोकाच्या कडेला पिवळी रेघ दिसेल आणि रंग तिथेच थांबलेला असेल. पदार्थ जीवाणूंपर्यंत पोचलाच नाही, तर मारणार कसा? लसणातलं अॅलिसिन छोटं, चपळ, सहज पसरणारं. झोनच्या आकारात मारण्याची ताकद आणि पसरण्याची क्षमता दोन्ही मिसळलेल्या असतात, म्हणून दोन वेगळ्या वनस्पतींचे मिलिमीटर शेजारी ठेवून तुलना होत नाही.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या डिस्कशी (औषध भिजवलेल्या कागदी चकतीशी) तुलना तर अजिबात नको. त्या डिस्कमध्ये ५ मायक्रोग्रॅम औषध असतं. तुम्ही मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचा अर्क १०० मायक्रोलिटर घातलात, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. दोन हजारपट!

तुमच्या तक्त्यात नुसत्या द्रावकाचं (ज्यात अर्क विरघळवला त्या द्रवाचं) भोक दिसत नाही, याची मला जास्त काळजी वाटते. सुरुवातीला मीही ते टाळलं होतं. सगळ्या मेथॅनॉल अर्कांना सुरेख झोन येत होते, मी खूश होते. मग एकदा नुसतं मेथॅनॉल घातलं, तर त्यालाही झोन! अर्क पुरता सुकलेलाच नव्हता. दोन महिन्यांचं काम पुन्हा केलं. त्यामुळे अर्क वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, डीएमएसओ या द्रावकात विरघळवा आणि प्रत्येक प्लेटवर नुसत्या डीएमएसओचं एक भोक ठेवाच.

खरं उत्तर एमआयसी, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण, देईल. ९६ खणांच्या मायक्रोप्लेटमध्ये अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करत जा, जीवाणू मिलिलिटरला सुमारे ५ लाख ठेवा, रात्रभर उबवून रेझाझुरिन हा निळा रंग घाला. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. पण हळदीचा स्वतःचा पिवळा रंग घोळ घालतो, शिवाय काही अर्क जीवाणू नसतानाही रेझाझुरिन गुलाबी करतात. म्हणून प्रत्येक पातळीला जीवाणूंविना एक खण हवा. कर्क्युमिनचा साका बसून खण गढूळ दिसला, तर त्यातला थेंब नव्या आगरवर पसरून वसाहती येतात का ते पाहा. कच्चा अर्क वाढ थांबवायला मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल, तर ‘जीवाणूरोधक’ म्हणायची घाई मी करणार नाही.

लसणाबद्दल एक नोंद तुमच्या वहीत हवीच: ठेचल्यानंतर किती मिनिटांनी रस वापरलात? अखंड पाकळीत अॅलिसिन नसतं. पाकळी ठेचल्यावर अॅलिनेज हे विकर (एन्झाइम) अॅलिनपासून ते तयार करतं. आधीच उकळलंत तर विकरच मरतं. परंपरेत ठेचायला सांगितलं असेल तर ठेचाच. कृती हा औषधाचाच भाग आहे.

‘घटक वेगळा काढूनच तपासू का?’ या प्रश्नाला माझं उत्तर: सुटा घटक आणि अख्खा अर्क, दोन्ही तपासा. दारुहळदीच्या बर्बेरिस प्रजातीत बर्बेरिन हे जीवाणूरोधक द्रव्य असतं, पण स्टॅफिलोकॉकस ते नॉर-ए नावाच्या पंपाने बाहेर फेकतो. २००० साली दाखवलं गेलं, की याच प्रजातीच्या वनस्पतींत हा पंप अडवणारा दुसरा घटकही असतो. तो एकटा जीवाणूंना काहीच करत नाही, पण बर्बेरिनचा परिणाम वाढवतो. एकेक सुटा तपासला असता, तर हा घटक पहिल्याच प्लेटवर बाद झाला असता.

तक्त्यातली हळदीची ओळ खोडू नका. ‘आगर डिफ्यूजनमध्ये झोन नाही’ एवढंच लिहा आणि शेजारचा एमआयसीचा रकाना सध्या रिकामा ठेवा.