आकडा आणि शेरा

“मधुमेह निघाला, म्हणजे माझेच काहीतरी चुकले,” हे वाक्य नव्याने निदान झालेल्या माणसांकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता पहिल्या भेटीत मी त्याची वाटच पाहते.

सत्तेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिकेने ते तिसऱ्या मिनिटाला उच्चारले. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) मधुमेहामुळे त्यांच्या वडिलांचा पाय कापावा लागला होता. स्वतःच्या निदानाबद्दल त्यांनी घरी कोणालाही सांगितले नव्हते. उलट रक्त तपासायच्या आधी चार दिवस भात, पोळी आणि चहातली साखर बंद करून त्या उपाशीपोटीचा आकडा ११८पर्यंत आणत. मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी मात्र ८.४ टक्के, म्हणजे बरीच जास्त, आली.

“मॅडम, मला हे व्हायलाच नको होते.”

“होऊ नये असे वाटणे रास्तच आहे. पण ‘व्हायलाच नको होते’ हा हट्ट धरल्याने साखर किती उतरली?”

त्या रागावल्या. पुढच्या दोन भेटी त्या रागातच गेल्या.

चौथ्या भेटीत मी विचारले, “चाचणीत गणित चुकलेल्या मुलाची वही तुम्ही कशासाठी पाहता?”

“कुठे अडले ते कळावे म्हणून. हातचा विसरला की पाढाच येत नाही, ते वहीत दिसते.”

“आणि शेजाऱ्याचे बघून बरोबर उत्तर लिहिणारा?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्याला शिकवताच येत नाही.” आणि एकदम हसल्या, “म्हणजे मी कॉपी करत होते!”

हा प्रश्न मला सहज सुचला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तीन भेटी मी त्याचीच जुळवाजुळव करत होते. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मी गुरुस्थानी मानते (त्यांनाही चाळिशीच्या सुमारास मधुमेह झाला होता), आणि माणसाची कृती तपासावी पण माणसाला गुण देऊ नयेत, ही त्यांची शिकवण मधुमेहाइतकी मला दुसऱ्या कुठल्या आजारात उपयोगी पडलेली नाही. जो स्वतःला नापास ठरवतो तो आकडा लपवतो, आणि आकडा लपला की डॉक्टरही चाचपडतात.

म्हणून नव्याने निदान झालेल्यांना माझे सांगणे असे की तपासणीच्या आधीच्या दिवसांतही रोजच्यासारखेच जेवा आणि घरातल्या एका तरी माणसाला लगेच सांगा. हा आजार कित्येकदा काही वर्षे मुकाट्याने अंगात असतो, तेव्हा डोळ्यांचा पडदा, पाय आणि लघवीतली प्रथिने सुरुवातीलाच तपासून घ्या. गोळी ‘कायमची मागे लागेल’ म्हणून टाळू नका. ती कमी करायची किंवा थांबवायची, हे डॉक्टरांनी आकडे पाहून ठरवायचे असते.

तीन महिन्यांनी बाई आल्या तेव्हा एचबीएवनसी ७.३ होते. सोबत दोनरेघी वही होती. एका पानावर लाल शाईत लिहिले होते : “जेवणानंतर दोन तासांनी २१२. भाचीचे बारसे, दोन जिलब्या.” शेरा काहीच नव्हता.