पावसाची उघडीप आणि मोकळा वेळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाऊस सरला की रोज थोडा वेळ बाहेर निवांत घालवायचा, असं दरवर्षी ठरवतो. पण ऑक्टोबरच्या उकाड्याने दोन दिवसांत उत्साह मावळतो. नेमकी कोणती वेळ धरावी? (वाचक, गुहागर)

उजाडल्यापासून पावणेआठपर्यंतची. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा इतका जोरात असतो की किनाऱ्यावर दुसऱ्या वाऱ्याला वाव नसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस कोकणातून माघारी वळला की मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांची पाळी पुन्हा सुरू होते. रात्री निवलेल्या जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा पहाटे अंगाला गार लागतो आणि किनाऱ्यालगतचं पाणीही शांत असतं. नऊच्या सुमारास हा वारा पडतो आणि समुद्राकडून जमिनीकडे येणारा खारा वारा धरायला अकरा-बारा वाजतात. मधल्या वेळेत वारा नाही, आभाळ निरभ्र, जमीन अजून ओली. त्यामुळे घाम वाळतच नाही. बहुतेक मंडळी नाश्ता उरकून नेमकी याच वेळी बाहेर पडतात. सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी पाचनंतर निघा, मधला वेळ सोडून द्या.

प्रश्न : किनाऱ्यावर बसतो, पण दहा मिनिटांत हात फोनकडे जातो. ‘मन लावून पाहा’ म्हणतात, म्हणजे नक्की करायचं काय? (वाचक, मालवण)

नुसतं समुद्राकडे पाहत बसलं तर मन भरकटणारच. थांबल्याशिवाय दिसत नाही अशी एखादी गोष्ट निवडा. आपल्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ती फुकट मिळते: ओहोटीच्या ओल्या वाळूवर गोळ्या टाकणारे चिमुकले खेकडे.

आधी वेळ काढा. जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते आणि तिच्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि दुपारी सव्वाबाराला ओहोटी. ती आपल्या उपयोगाची नाही. प्रतिपदेला भरती मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता, ओहोटी सकाळी सातला. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा. तेव्हा उधाणाच्या भरती-ओहोटीमुळे वाळूही खूप उघडी पडते. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून थोडं लवकरच पोहोचा.

पाणी नुकतंच उतरलेल्या, पाय रुतणार नाही इतपत घट्ट वाळूवर बारीक भोकं दिसतील आणि त्यांच्याभोवती मोहरी-मिऱ्याएवढ्या गोळ्यांच्या रांगा. दोन-तीन मीटर अलीकडे बसा. सूर्य समोर असू द्या, म्हणजे तुमची सावली मागे पडेल. पावलांची थरथर लागताच सगळे आत जातात. इथेच लोक कंटाळून उठतात. पाच मिनिटं अजिबात हलू नका. आधी एका भोकात हालचाल होईल, मग चार-पाच ठिकाणी. खेकडा नांगीने चिमूटभर वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतो. बिळापासून सरळ रेषेत खात पुढे जातो, परत येतो, दुसरी रेष धरतो. त्यातून किरणांसारखी नक्षी उमटते. एकच बीळ धरून ठेवा आणि एक रेष पुरी होईपर्यंत नजर हलवू नका. मन भरकटलं तर स्वतःवर चिडू नका, पुढची गोळी कुठे पडते ते पाहा. वीस मिनिटं पुरेत. फोन बंद करून पिशवीत तळाशी ठेवा. खिशात असला की हात जातोच.

पाण्यात मात्र उतरू नका. पावसाळी लाटांनी ओढून नेलेली वाळू अजून पुरती परतलेली नसते आणि खळगे बदललेले असतात. फुटणाऱ्या लाटांच्या मधे जो पट्टा शांत दिसतो, तिथेच पाणी आत ओढतं.

प्रश्न : आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे धरलेत. तिला अंगणापलीकडे नेता येत नाही. (वाचक, देवरुख)

अंगण पुरेसं आहे. हातांची, गुडघ्याइतक्या उंचीची खुर्ची पावणेपाचला पश्चिमेकडे पाठ करून ठेवा. या दिवसांत उघड्या जागी पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. पावसाच्या डबक्यांत वाढलेले हे चतुर डबकी आटू लागली की निघतात, आणि त्यांतले बरेच समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं अभ्यासक मानतात. आईंना एकाच चतुराचा माग धरायला सांगा. तो बसतो क्वचितच, पण बसला तर काठी किंवा दोरीच्या टोकाशी लटकतो. करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्याला पालथ्या करा, नाहीतर डासच आईंना उठवतील.

प्रश्न : सड्यावरची (कोकणातल्या सपाट कातळमाळावरची) फुलं पाहायला मुलांना न्यायचं आहे. काय काळजी घ्यावी? (वाचक, राजापूर)

सप्टेंबरअखेरपर्यंत जा. ऑक्टोबरच्या मध्याला कातळ तापून बहुतेक फुलं वाळतात. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. गेंद या रानफुलाचं पांढरं बटण म्हणजे एक फूल नाही, भिंगाखाली त्यात बारक्या फुलांचा गुच्छ दिसतो. ‘सीतेची आसवं’ या निळसर रानफुलाच्या मुळाशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत पाण्यातले बारीक जीव अडकतात आणि पचवले जातात. या पिशव्या पाहण्यासाठी रोप उपटू नका, मुलांना नुसतं सांगा.

उघड्या कातळावरूनच चाला. गवतातून चालल्यास फुलं तुडवली जातात आणि सड्यावर फुरसं हा विषारी सापही असतो. घोटे झाकणारे बूट आणि हातात काठी हवी. साप चावलाच तर पाय न हलवता थेट रुग्णालयात न्या. दोरी बांधणं, चिरणं नको. राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यांच्या रेषांवर पाय किंवा खडू लावू देऊ नका.

दुपारनंतर हस्ताचा गडगडाटी पाऊस येतो, म्हणून अकराच्या आत परता. वीज चमकून तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच गाडीत किंवा पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका.

प्रश्न : कोजागरी पुळणीवर करायची आहे. किती वाजता जावं, दुधाचं प्रमाण काय? (वाचक, दापोली)

साडेपाचला पोहोचा. पौर्णिमेला तेव्हाच ओहोटी असते. सव्वासहाच्या आसपास समुद्रात सूर्य बुडतो. तेवढ्यात मागे वळा, माडांच्या आडून चंद्र वर येत असतो. पूर्वेला डोंगर असेल तर तो पाव-अर्धा तास उशिरा दिसेल. एकाच जागी बसून दोन्ही पाहायची संधी पौर्णिमेलाच मिळते, तेव्हा फोटोत घालवू नका. बॅटरी शक्यतो लावू नका. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोताने पुन्हा सुरुवात करावी लागते.

सहा जणांना एक लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर, सतत ढवळत, पाऊण लिटर होईतो आटवा. दहा बदाम आणि दहा पिस्ते मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवून घाला. सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. केशराच्या दहा-बारा काड्या कोमट दुधात भिजवून घाला. साखर पाच मोठे चमचे, शेवटी. आधी घातली तर तळाला लागते. उतरवल्यावर चार वेलदोड्यांची पूड आणि चिमूटभर जायफळ. दूध थर्मासमध्ये न्या. मध्यरात्रीच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा चटई पहिल्यापासून सुक्या वाळूवर, वाळलेल्या शेवाळाच्या रेषेच्या वर घाला आणि दहाच्या आत आवरा.