अंग उडतं, डोपामिन आणि केळी : तुमचे प्रश्न

या महिन्यात पण तेच. लघवीच्या रिपोर्टचे फोटो, आणि खाली एकच ओळ, 'डोपामिन कमी आहे म्हणून अंग उडतं का?' डोपामिन म्हणजे मेंदूतलं, हालचाल सांभाळायला मदत करणारं एक रसायन. म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

झोप लागता लागता पाय एकदम उडतो, वय 30. (चोपडा)
नॉर्मल आहे, रात्रीचा चहा कमी करा.

तपासण्यांच्या पॅकेजमधे लघवीतलं एचव्हीए कमी आलं, हात फडफडतात. (भुसावळ)
डोपामिन वापरून झालं की शरीर ते मोडतं, शेवटी उरतं ते एचव्हीए. पण लघवीतलं बरचसं मेंदूतून आलेलंच नसतं, त्यामुळे हा आकडा मेंदूबद्दल फारसं काही सांगत नाही. ही टेस्ट मुख्यतः लहान मुलांतल्या न्यूरोब्लास्टोमा नावाच्या गाठीसाठी आहे, मोठ्यांच्या पॅकेजमधे ती बिल फुगवायला. आणि आदल्या दिवशी केळी खाल्ली होती का? आपल्या जळगाव जिल्ह्यात हे विचारावंच लागतं. केळ्यात डोपामिन असतं, ते मेंदूत शिरत नाही पण लघवीचा आकडा हलवू शकतं. हाताचं मात्र डॉक्टरांना दाखवा. बाळाचं अंग उडतंय आणि डोळे सैरावैरा नाचतायत, तर ते वरच्या गाठीचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा.

आई 62 वर्षांची, दोन वर्षं गॅसची गोळी चालू, आता तोंड सारखं चघळल्यासारखं हलतं. (एरंडोल)
गोळीची पट्टी उलटी करा, मागचं बारीक अक्षर वाचा. लेव्होसल्पिराइड किंवा मेटोक्लोप्रमाइड लिहिलंय? मग ऐका. ही औषधं मेंदूत डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथून काम करतं ती पेशींवरची दारं, अडवतात. दार बंद, म्हणून सुरवातीला मेंदू उलट जास्त डोपामिन सोडतो, एचव्हीए वाढतं, आणि आकडा बघून कोणी म्हणेल डोपामिन तर भरपूर आहे! महिनोन्महिने अडवून ठेवलं की तोंड, जीभ आपोआप हलायला लागते, याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. काहींचा हात थरथरतो, चाल मंदावते, घरचे म्हणतात वय झालं. माझ्याकडे अशा एक आजी आल्या, तोंडात सुपारी आहे समजून मी थुंकायला सांगितलं, तोंड रिकामं. दोन वर्षं एकाच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला पट्ट्या देत होता, चिठ्ठीवर लिहिलेलं 10 दिवस!! गोळी बंद केली तरी हालचाल कधीकधी राहून जाते, म्हणून पट्टी घेऊन याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे. मानसोपचाराच्या गोळ्या असतील तर मनाने थांबवू नका.

खाजकुहिलीचं चूर्ण 'डोपामिन वाढवतं' म्हणून घेतोय, चालेल ना? (नंदुरबार)
त्यात लेव्होडोपा (ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं) खरंच असतं, पार्किन्सनमधे म्हणजे कंपवातात देतो तेच. डब्यात किती, ते कळत नाही. पार्किन्सनची गोळी चालू असेल तर अंगाची वळवळ वाढेल. डबा डॉक्टरांना दाखवा.

मुलगी 17, सकाळी उठल्यावर हात उडून कप पडतो, परीक्षेच्या जागरणानंतर जास्त. (धुळे)
इथे डोपामिन विसरा. या वयात असं म्हणजे मिरगीचा एक प्रकार असू शकतो. उडतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, तो घेऊन जा, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) लागेल. जागरण आजपासून बंद, आणि तोवर विहिरीवर, गॅसपाशी एकटीला सोडू नका.