विमान कंपनीचे सदस्यत्व बदलण्यापूर्वी

नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले, आता नेरुळहून तोच जवळ, म्हणून आपल्या विमान कंपनीचे सदस्यत्व (प्रवासावर पॉइंट देणारी योजना; ते साठवून पुढे तिकीट घेता येते) सोडून तिथून उडणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे घेण्याची घाई करू नका. आधी वर्षभराचे बोर्डिंग पास काढून कोणत्या कंपनीने कुठे किती वेळा गेलात ते वहीत मांडा. तुमच्या नेहमीच्या गावी नवी कंपनी जातच नसेल, तर तिचे पॉइंट काय कामाचे? नवशिक्यांच्या दोन चुका ठरलेल्या:

- जुने पॉइंट तसेच सोडून देणे (माझे असेच मुदत संपून गेले);
- पॉइंटच्या मोहाने महाग तिकीट घेणे.

परदेशी जात असाल, तर एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात आहे, म्हणजे लुफ्थान्सासारख्या भागीदार कंपन्यांच्या प्रवासावरही पॉइंट मिळू शकतात, हे ध्यानात घ्या.