रॅम घेताना कप्पे मोज

मित्रा, रॅमची सोळा जीबीची एकच पट्टी घेऊन जुनी आठची काढून टाकणार असशील, तर जरा थांब. तुझ्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेऊन चालतं. त्यामुळे रॅम किती आहे याइतकाच तिथून डेटा किती वेगानं येतो हाही प्रश्न असतो. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन चॅनलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. एक्सेल-ब्राउझरमध्ये शोधूनही सापडणार नाही.

मी स्वतः आठच्या जोडीला आठ बसवली. चालू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्ससाठी ‘यूएचडी’च्या जागी ‘आयरिस एक्सई’ नाव आलं! चिप तीच हं, इंटेल ते नाव ड्युअल चॅनल असेल तरच दाखवतं.

आधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती स्लॉट (पट्टीचे कप्पे) वापरात आहेत ते बघ. एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) असेल तर बहुधा बोर्डावरच डकवलेली असते, मग विषयच संपला. पट्टी त्याच वेगाची घे. हळू पट्टी लावलीस तर दोन्ही तिच्याच चालीनं चालतात. आठ आणि सोळा अशी विजोड जोडीही चालते, फक्त वरचे आठ जीबी एकाच चॅनलवर राहतात. आणि बसवताना बॅटरीची पिन आधी काढ.