बी२ झालंय की नुसतं वाटतंय?

दोन वर्षं ॲपवर जर्मन केलं, ॲप बी२ (भाषेची पातळी, बी१च्या वरची पायरी) दाखवतंय, तर थेट बी२ची परीक्षा द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. द्या, पण फॉर्म भरायची घाई करू नका.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. बी१च्या वेळी वाचन इतकं सहज जायचं, की बाकीचंही जमेलच असं धरून चाललो. गोएथे या जर्मन संस्थेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, आणि प्रत्येकात १०० पैकी ६० हवेतच. एकातले जादा मार्क दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत. श्रवणात काही उतारे एकदाच ऐकवतात. बाई 'निश्त' (म्हणजे 'नाही') म्हणाली की नाही, यावर मी अडून बसलो आणि पुढचे दोन प्रश्न निघून गेले. वाचनात ८३, श्रवणात ५३.

लिंगांचं तर विचारूच नका. कोणी 'माझा खुर्ची' म्हणालं की आपल्या कानाला लगेच खटकतं. जर्मनमध्येही तीनच लिंगं, म्हणून आपण मराठी लोक निर्धास्त. पण 'डेअर मेट्शन' म्हणून गेलो तरी कान ढिम्म! ('डेअर' पुल्लिंगी, पण मुलगी तिथे नपुंसकलिंगी, 'दास मेट्शन'. आपलं 'पोरगं' आठवा.) जी चूक ऐकूच येत नाही, ती मोजणार कशी? डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९च्या गाजलेल्या अभ्यासात एक चाचणी इंग्रजी व्याकरणाची होती. तळाला राहिलेल्यांनाही आपण सरासरीपेक्षा वर आहोत असंच वाटत होतं. उलट माझ्या ओळखीत सगळ्यात छान जर्मन बोलणाऱ्या ताई अजून 'येतं थोडंफार' म्हणतात, कारण त्यांना स्वतःची प्रत्येक चूक ऐकू येते.

स्वतःचा अंदाज अगदीच कुचकामी असतो असंही नाही. कॅनडात ओटावा विद्यापीठाने १९८०च्या दशकात कोणाला कुठल्या वर्गात घालायचं हे विद्यार्थ्यांनाच प्रश्नावली देऊन ठरवून पाहिलं, आणि ते बऱ्यापैकी जमलं. फक्त प्रश्न नेमके हवेत. 'जर्मन किती येतं?' याला काही अर्थ नाही.

म्हणून आज रात्री फोनवर रेकॉर्डिंग लावा. घरमालकाला सांगायचंय की हीटर बंद पडलाय, थंडी वाजतेय, माणूस कधी पाठवता. दीड मिनिट, कागद न घेता. हीटरचा शब्द आठवला नाही तर शब्दकोश उघडू नका, वळसा घालून सांगा. ऐका मात्र उद्या, कारण लगेच ऐकलं तर डोक्यातलंच ऐकू येतं. किती वाक्यं अर्धवट सुटली, 'वाइल'नंतर ('कारण'नंतर) क्रियापद शेवटी गेलं का, तेवढं मोजा आणि इथे लिहा. मग बी१ की बी२ ते बोलू, फी काही थोडी नाही.