बी.ए.ची मुलगी, कच्चं इंग्रजी आणि क्लासची पावती

"आर्ट्सला घातलंय, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बोलता येत नाही. हिला नोकरी कोण देणार?" निकालांच्या दिवसांत माझ्याकडे सल्ला विचारायला येणारे निम्मे पालक हाच प्रश्न घेऊन येतात. ठाण्यात तो जरा जास्तच टोचतो. वाशीच्या ट्रेनमध्ये बसलं की ऐरोलीपासून पुढे आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दिसायला लागतात आणि शेजारपाजारचं कुणीतरी तिथे 'व्हॉइस प्रोसेस'ला, म्हणजे फोनवर ग्राहकांशी बोलायच्या कामाला लागलेलं असतंच.

प्राची (नाव बदललंय) कळव्याहून वडिलांबरोबर आली होती. इतिहास मेजर, एस.वाय. संपत आलेलं. वडील वागळे इस्टेटमध्ये मशिनिस्ट. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी खिशातून पावती काढली. नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास, पहिला हप्ता भरलेला. "मॅडम, हे बरोबर केलं ना, तेवढं सांगा." प्राची मोबाइलच्या कव्हरचा कोपरा उचकटत बसली होती.

क्लासचं बाजूला ठेवून मी तिला विचारलं, "एफ.वाय.ला इंग्रजीचा पेपर होता ना?" होता, २ क्रेडिटचा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे सेमिस्टरमध्ये ३० तास इंग्रजी. "मग त्यात केलंस काय?"

"गाइडमधली पत्रं पाठ केली."

लिहून दाखव म्हटल्यावर तिने नोकरीच्या अर्जाचं अख्खं पत्र 'विथ रेफरन्स टू युअर ॲडव्हर्टाइजमेंट'पासून 'युअर्स फेथफुली'पर्यंत सलग उतरवलं. एक स्पेलिंग चुकलं नाही. अर्ज अकाउंटंटच्या जागेसाठी होता आणि अर्जदार बी.कॉम. फर्स्ट क्लास.

"हा कोण गं?"

"गाइडमधला मुलगा." वडीलही हसले.

अर्ज, ई-मेल, अहवाल, उताऱ्याचा सारांश या गोष्टी नोकरीत रोज लागतात आणि कम्युनिकेशन स्किल्सच्या या पेपरात नेमक्या त्याच असतात. पण मुलं त्याकडे 'सुटायचा विषय' म्हणून बघतात. भरगच्च वर्गात प्रत्येकाचं लिखाण तपासणं शिक्षकांनाही जमत नाही, हे मान्य. मग पेपर सुटला की बाहेर पैसे भरून पुन्हा 'हाऊ आर यू'पासून सुरुवात. क्लासवर माझा राग नाही. काहींना बोलायची भीड मोडायला तो उपयोगी पडतो. फक्त तिथे जाताना पदरात सांगण्यासारखं काही असावं.

प्राचीच्या बायोडेटात ते नव्हतं. ऑब्जेक्टिव्हमध्ये 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट', खाली 'हार्डवर्किंग अँड सिन्सियर', छंदांत गाणी ऐकणं. दुसऱ्या वर्षाचा फील्ड प्रोजेक्ट कुठे आहे, म्हणून विचारलं.

"तो मराठीत केला ना, मॅडम."

प्रोजेक्ट होता चेंदणी कोळीवाड्यातल्या वयस्कर कोळणींच्या मुलाखतींचा. त्याबद्दल सांग म्हटलं, तर मघापासून 'हो-नाही'वर भागवणारी ही मुलगी थांबेचना. खाडीत निवट्या, चिवणी, कोळंबी कशी मिळायची. पाणी बिघडल्यावर घरोघरी काय बदललं. एका आजीने फोनवरचं रेकॉर्डिंग बंद करायला लावलं आणि मग कुठे खरं बोलायला लागली. नऊ मुलाखती, प्रत्येकीची परवानगी घेतलेली, घरी बसून शब्दन् शब्द उतरवलेला. वडील ऐकत राहिले. त्यांना वाटत होतं, पोरगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची.

"हेच सहा वाक्यांत इंग्रजीत लिही," मी म्हटलं. पहिलं वाक्य आलं, 'आय टेक इंटरव्ह्यू ऑफ नाइन ओल्ड वुमन्स.' आम्ही एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करायची असं ठरवलं. आधी फक्त भूतकाळ, कारण केलेल्या कामाबद्दल लिहायचं तर सगळी क्रियापदं त्यातच लागतात. इंटरव्ह्यूड, रेकॉर्डेड, ट्रान्स्क्राइब्ड. आर्टिकल्स आणि प्रिपोझिशन्स नंतर. पुढच्या वेळी बायोडेटातलं 'हार्डवर्किंग' काढून तिथे या तीन क्रियापदांच्या ओळी बसवल्या. घरचा अभ्यास म्हणून तिच्याच विषयाचं इंग्रजीतलं एक पान वाचायचं, पाच ओळींत सारांश लिहायचा आणि तो फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचा. पहिलं पान तिने निवडलं १६ एप्रिल १८५३च्या बोरीबंदर-ठाणे गाडीचं. गोष्ट माहीत असली की इंग्रजी वाक्याची निम्मी भीती जाते.

वडिलांच्या मनात स्पर्धा परीक्षाही होती. त्यांना सांगितलं, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतले बाकी पेपर मराठीत लिहिता येतात. इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर फक्त पात्रतेपुरता, २५ टक्के गुण पुरतात. त्यातही मुख्यतः निबंध, सारांश, उताऱ्यावरचे प्रश्न असतात. ऐरोलीच्या व्हॉइस प्रोसेसबद्दलही स्पष्टच बोलले. तिथे सफाईदार बोलणं लागतं, आजच्या घडीला प्राचीला ते जड जाईल. पण मुलाखती उतरवून काढणं, मराठीतून इंग्रजीत सारांश करणं, संस्थांचे अहवाल, सबटायटल्स, संग्रहालयं, ग्रंथालयं या कामांत उत्तम मराठी आणि नेटकं साधं इंग्रजी दोन्ही लागतं. नुसतं इंग्रजी येणाऱ्याला ती जमत नाहीत.

तिसऱ्या वर्षात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग येतं, म्हणजे किमान १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं. बरीच मुलं ते ओळखीच्या दुकानाचं सर्टिफिकेट आणून उरकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्राचीला म्हटलं, आत्ताच यादी कर आणि कॉलेजच्या समन्वयकांना कुठलं ठिकाण चालेल ते आधी विचार. तिने यादीत १८९३ सालचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय लिहिलं, ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र लिहिलं, महिलांसोबत काम करणाऱ्या दोन संस्था लिहिल्या. प्रत्येक ठिकाणी वेगळा मेल, गाइडमधल्या मुलाला सुट्टी.

एका संस्थेकडून उत्तर आलं. त्यांना मराठी मुलाखतींचे इंग्रजीत सारांश करून हवे होते आणि आधी एक नमुना बघायचा होता. क्लासचा हप्ता परत मिळाला नाही. मग प्राची क्लासला जाते, पण आता कोळीवाड्याबद्दल बोलते. शिकवणाऱ्या सरांनी तिला पुढच्या शनिवारी उभं राहून दहा मिनिटं बोलायला सांगितलंय.

संस्थेने भेटायला बोलावलेला दिवस नेमका कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेचा निघाला. तारीख बदलून मागणारा मेल तिने स्वतःच लिहून पाठवला, मला नुसतं सीसीमध्ये ठेवलं. चार ओळी, भूतकाळ बरोबर, कारण स्पष्ट. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' होतंच. त्यावर मी काही बोलले नाही, त्यांनी तारीख बदलून दिली होती.